मदत हवी आहे: सिलिकॉन रबर हीटर एकाच कोपऱ्यात काळा पडतोय

नमस्कार मंडळी,

६० लिटरची स्टीलची टाकी आहे, आत गिअर ऑइल. गार असलं की इतकं घट्ट होतं की पंप ओढत नाही. म्हणून टाकीला बाहेरून ३० × ४० सेंमीचा, ५०० वॅटचा सिलिकॉन रबर हीटर चिकटवलाय. तेल २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं, बस. पीआयडी (तापमान नियंत्रक) आणि एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आहे, थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) टाकीच्या तळाशी पॉकेटमध्ये.

हीटरच्या वरच्या कोपऱ्यात नाण्याएवढा डाग पडलाय. आधी तपकिरी होता, आता काळा. तिथलं रबर कडक झालंय, बाकी सगळं मऊ. करंट बरोबर आहे. पुरवठादार म्हणतो व्होल्टेज जास्त येत असेल. मला पटत नाही, तसं असतं तर पूर्ण हीटर काळा पडला असता ना?

वॅट जास्त झालेत का? शिवाय ५५ ला पोचायला चार तास लागतात, मग मोठा हीटर घ्यावा का? आणि जळका कोपरा कापून उरलेला वापरता येईल का? (हसू नका, साहेबांनी विचारायला सांगितलंय.)

प्रतिसाद १
कापायचा विचारही नको. आत एकच तार किंवा फॉइल नागमोडी फिरवलेली असते, कापली की सर्किट तुटणार आणि उघडी टोकं टाकीला लागणार. काळं रबर म्हणजे इन्सुलेशन गेलं. आजच बंद करा, अर्थिंग तपासा.

प्रतिसाद २
वॅट ठीक आहेत. ५०० भागिले १२०० म्हणजे चौरस सेंमीला ०.४२ वॅट, पूर्ण चिकटलेल्या हीटरला हे काहीच नाही. पण खाली हवेचा फुगा राहिला, तर तिथली उष्णता पत्र्यात जात नाही आणि रबर स्वतःच भाजतं. सिलिकॉन साधारण २०० अंश सोसतं, मागचा गम त्याच्या बराच आधी सुटतो. गम सुटला की फुगा वाढतो, असं ते चक्र आहे. त्या कोपऱ्याखाली वेल्डिंगचा जोड आहे का? आणि तेलाची पातळी कधी हीटरच्या वरच्या कडेखाली जाते का?

धागाकर्ता
दोन्ही आहे हो! जोड तिथूनच जातो, आणि संध्याकाळपर्यंत टाकी निम्मी होते.

प्रतिसाद २
मग व्होल्टेजला उगाच दोष. जोडामुळे खाली फुगा राहतो, आणि तेल खाली गेलं की तिथली उष्णता घ्यायला काहीच नसतं. नवीन हीटर किमान पातळीच्या खाली, जोड टाळून लावा. पत्रा घासा, तेलाचा अंश सॉल्व्हंटने पुसा, मग एका कडेकडून रोलर दाबत चिकटवा. खाली फुगा राहता कामा नये.

वेळेचं म्हणाल तर ५४ किलो तेल, ३० अंश वाढ, तेलाची विशिष्ट उष्णता किलोला साधारण २ किलोज्यूल. ५०० वॅटला नुसत्या तेलासाठी पावणेदोन तास पुरतात. उरलेला वेळ टाकीचा पत्रा तापवण्यात आणि बाहेरच्या हवेत जातोय. मोठ्या हीटरआधी टाकीला इन्सुलेशन करा, झाकणालासुद्धा.

एक मात्र सोडू नका. तळातल्या थर्मोकपलला हीटर भाजतोय हे कळत नाही, त्याला फक्त तेल दिसतं. हीटरच्याच पाठीवर वेगळा थर्मल कटआउट (ठरावीक तापमानाला सर्किट तोडणारा) बसवा आणि तो कॉन्टॅक्टरवर (विजेवर चालणारा मोठा स्विच) घ्या, एसएसआरच्या भरवशावर नको. एसएसआर खराब झाला की बहुधा शॉर्ट होऊनच बसतो, मग पीआयडीने बंद सांगितलं तरी हीटर चालूच.

धागाकर्ता
कटआउट किती अंशांचा घेऊ?

प्रतिसाद २
गमची मर्यादा डेटाशीटमध्ये बघा, त्याच्या बऱ्यापैकी खालचा घ्या. लावल्यावर चालू करण्याआधी मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) मारा.