शब्दचर्चा : ‘कस्टम ब्रश’ म्हणजे कुंचला, ठसा की आणखी काही?

विचारणा (नौपाडा, ठाणे)

गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी मुलांनी आपल्या पथकाचे फलक स्वतः तयार करावेत, म्हणून आम्ही आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांसाठी एक छोटे शिबिर घेत आहोत. सर्वांकडे महागडे सॉफ्टवेअर नसल्यामुळे ब्राउझरमध्येच उघडणारा ‘फोटोपी’ हा चित्र-संपादक वापरायचे ठरले आहे. त्यात स्वतःचे ब्रश कसे करावेत आणि इतरांनी केलेले कसे घ्यावेत, याचे मराठी पत्रक लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. ‘एडिट’ या मेनूतील ‘डिफाइन न्यू’ आणि त्याखालील ‘ब्रश’ या आज्ञेसाठी मी ‘सानुकूल कुंचला परिभाषित करा’ असे लिहिले, तर तयार ब्रशची एबीआर फाइल उघडण्यासाठी ‘कुंचला आयात करा’ असे लिहिले. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही वाक्ये ठीक आहेत, पण मोठ्याने वाचल्यावर मुलांना नेमके काय करायचे आहे ते समजेल असे वाटत नाही. अधिक चांगले शब्द कोणते, आणि ‘कुंचला’ हा शब्द येथे योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

ताई, आपली शंका रास्त आहे. मी पुस्तकांसाठी चित्रे काढतो आणि याच साधनांवर रोज काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

अडचणीचे मूळ असे की संगणकावर ‘ब्रश’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली गोष्ट म्हणजे साधनपट्टीतील रंगवण्याचे साधन, जे कीबोर्डवरील ‘बी’ दाबल्यावर हाती येते. दुसरी गोष्ट म्हणजे त्या साधनाचे टोक, म्हणजे पडद्यावर ज्याचा उमटा पडतो तो आकार. तिसरी म्हणजे त्या टोकाच्या जोडीने जपून ठेवलेला मोजमापांचा संच : आकार, कोन, दोन उमट्यांमधील अंतर, विखुरणे वगैरे. ‘डिफाइन न्यू’मधून आपण यांपैकी फक्त दुसरी गोष्ट निर्माण करतो. साधन आधीपासूनच असते. आपण त्याला नवे टोक देतो.

या टोकाचे काम कसे चालते ते पाहिले की मराठी शब्दही सापडतो. माऊस किंवा पेन ओढताना आपल्याला सलग रेघ दिसते, परंतु संपादक प्रत्यक्षात ते टोक ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा उमटवत जातो. हे अंतर टोकाच्या व्यासाच्या टक्केवारीत मोजले जाते. गोल टोक घेऊन अंतर 100 टक्के ठेवले तर ठिपके एकमेकांना टेकून ओळीने बसतात, 200 टक्के ठेवले तर दोन ठिपक्यांमध्ये आणखी एक ठिपका मावेल एवढी मोकळी जागा राहते, आणि 10 टक्क्यांच्या आसपास आणले की ठिपके एकमेकांवर इतके चढतात की डोळ्यांना एकसंध रेघच दिसते. उंबऱ्यावर रांगोळीची लक्ष्मीची पावले एकामागून एक उमटवत जावे, तशीच ही क्रिया आहे. म्हणून टोकासाठी ‘ठसा’ हा शब्द मला सर्वांत नेमका वाटतो. छापकामात तो पूर्वीपासून आहे आणि मुलांनाही तो परका नाही.

मग ‘कुंचला’ टाकून द्यावा का? माझे मत तसे नाही. संस्कृतातील ‘कूर्च’, म्हणजे गवताची किंवा केसांची जुडी, या शब्दाशी ‘कुंचला’ आणि ‘कुंचा’ या शब्दांचे नाते सांगितले जाते आणि केसांची जुडी ही त्या वस्तूची ओळख आहे. पडद्यावर जुडी नसली तरी पूर्ण साधनाला कुंचला म्हणायला हरकत नाही, कारण तेथे हाताची क्रिया तीच राहते. ‘कुंचल्याचा फटकारा’ हा आपला रूढ प्रयोगही त्यामुळे वापरता येतो : बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत जे काही उमटते तो एक फटकारा. फक्त ‘कुंचला तयार करा’ असे लिहिले की मूल नवे साधन शोधू लागते, तर ‘ठसा तयार करा’ म्हटले की ते चित्राकडे पाहते, आणि शिकवताना आपल्याला तेच हवे असते.

‘सानुकूल’ हा शब्द मात्र मी आग्रहाने वगळेन. मराठीत वारा सानुकूल असतो, परिस्थिती सानुकूल असते. म्हणजे ती आपल्या बाजूची, सोयीची असते. ‘आपण स्वतः घडवलेला’ हा अर्थ त्या शब्दावर सॉफ्टवेअरच्या भाषांतरांनी लादला आहे. ‘स्वतःचा ठसा’ किंवा ‘आपला ठसा’ एवढे पुरेसे आहे. ‘परिभाषित करा’च्या जागी ‘नोंदवा’ घ्यावे, कारण घडते तेच : उघडलेले चित्र ठसा म्हणून संपादकाच्या यादीत नोंदले जाते. ‘एडिटमध्ये जाऊन नवा ठसा नोंदवा’ हे वाक्य आठवीतील मुलाला दुसऱ्यांदा वाचावे लागणार नाही.

‘आयात’ही मला अवजड वाटते. न्हावा-शेवा बंदर आमच्या इथून जवळ असल्याने असेल, पण ‘आयात’ म्हटले की कंटेनर आणि सीमाशुल्क आठवते. फाइल ‘आणा’ किंवा ‘घ्या’ म्हणावे. ‘जोडा’ हा शब्द ईमेलला फाइल जोडण्यासाठी रूढ झाला असल्याने येथे थोडा घोटाळा करू शकतो. मात्र ठसा नोंदवणे आणि ठशांची फाइल आणणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे पत्रकात ठळकपणे यायला हवे. पहिलीत चित्र आपले असते. दुसरीत कोणीतरी तयार केलेली एबीआर फाइल असते, जी मुळात फोटोशॉपची आहे आणि फोटोपीलाही वाचता येते. एका फाइलमध्ये अनेक ठसे असू शकतात. तसेच, ब्राउझरमधील संपादकांत आणलेले ठसे सहसा त्याच ब्राउझरच्या साठ्यात राहतात. शाळेच्या संगणकावर कोणी तो साठा पुसला तर ते जातील, तेव्हा मूळ फाइल प्रत्येकाने आपल्याजवळ ठेवावी.

पुरवणी प्रश्न (नौपाडा, ठाणे)

दादा, ‘ठसा’ आणि ‘नोंदवा’ हे दोन्ही शब्द मी घेतले. आता एक व्यवहारातील अडचण. मुलांनी वारली आकृत्यांचे ठसे करावेत असे आमच्या मनात होते. गेरूच्या जमिनीवर पांढऱ्या रंगात काढलेल्या माणसांचा फोटो घेऊन मी ठसा नोंदवला, तेव्हा माणूस उमटण्याऐवजी राखाडी चौकोन उमटला आणि त्यात माणसाच्या आकाराची रिकामी जागा राहिली. ही उलटापालट मुलांना कोणत्या शब्दांत समजवावी?

उत्तर (नेरूळ, नवी मुंबई)

ठसा रंग लक्षात ठेवत नाही, फक्त गडद-फिके लक्षात ठेवतो, एवढे एक वाक्य पत्रकात सर्वांत वर लिहावे. चित्रातील काळा भाग पूर्ण उमटतो, पांढरा भाग अजिबात उमटत नाही आणि मधल्या छटा त्या त्या प्रमाणात अर्धवट उमटतात. गेरूचा लाल रंग राखाडीत बदलल्यावर बराच गडद होतो, म्हणून जमीन उमटली आणि पांढरी आकृती कोरी राहिली. यावर उपाय म्हणजे आधी चित्राच्या छटा उलटवून घेणे, म्हणजे कंट्रोल आणि आय ही बटणे एकत्र दाबणे, आणि त्यानंतर जमीन पूर्ण पांढरी व आकृती पूर्ण काळी होईपर्यंत छटांमधील फरक वाढवणे. ‘इन्व्हर्ट’साठी ‘छटा उलटवा’ म्हणावे. नुसते ‘उलटा’ लिहिल्यास मुले चित्रच डोक्यावर उभे करतील. ठसा नोंदवून झाला की रंग म्हणून पांढरा निवडावा आणि गेरूच्या रंगाच्या जमिनीवर उमटवावा. मग वारलीचे मूळ रूप परत मिळते.

वारलीचा विषय निघाला म्हणून थोडे अधिक लिहितो, कारण तो आपल्या भागाचाच आहे. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू आणि तलासरी ठाणे जिल्ह्यातच होते. 2011 मध्ये पद्मश्री मिळालेले वारली चित्रकार जिव्या सोमा मशे डहाणू तालुक्यातलेच. या चित्रांत पारंपरिक रंग तांदळाच्या पिठाचा आणि साधन बांबूच्या काडीचे, जिचे टोक चावून मऊ केलेले असते. त्या काडीने आकृतीची प्रत्येक रेघ वेगळी ओढली जाते. म्हणून मुलांना दोन प्रकारचे ठसे करायला लावावेत. एक पूर्ण आकृतीचा, अंतर 100 टक्क्यांहून जास्त ठेवून, तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवतीच्या नाचाच्या रांगेसाठी. दुसरा काडीच्या खडबडीत टोकाचा : कागदावर शाईचा एक ओबडधोबड ठिपका उमटवून, त्याचा फोटो घेऊन आणि अंतर अगदी कमी ठेवून. दुसऱ्या ठशाने मुले स्वतः आकृती काढतील. पहिल्याने फक्त कोणाची तरी आकृती पुन्हा उमटते. मला दुसरा अधिक मोलाचा वाटतो.

आणखी एक मत (कळवा)

वरील चर्चा वाचून एका शब्दाची भर घालतो. आमच्या घरी दुकानांच्या पाट्या रंगवण्याचे काम होते. तेथे रंगाचा एक थर म्हणजे एक ‘हात’ : पहिला हात, दुसरा हात. ‘ओपॅसिटी’ आणि ‘फ्लो’ यांतील फरक समजावताना हा शब्द फार उपयोगी पडतो. ‘ओपॅसिटी’, म्हणजे अपारदर्शकता, 50 टक्के ठेवली तर बटण न सोडता त्याच जागी कितीही वेळा फिरवले तरी रंग 50 टक्क्यांपुढे जात नाही. बटण सोडून दुसरा हात दिला की तेथे 75 टक्के होतो. ‘फ्लो’ कमी असेल तर एकाच हातात ठसे एकमेकांवर चढतील तसा रंग दाट होत जातो. त्याला ‘प्रवाह’ म्हणण्यापेक्षा ‘प्रत्येक ठशातील रंग’ असे सरळ लिहावे. ‘हार्डनेस’ला ‘काठिण्य’ नको. ‘कडेचा ठळकपणा’ म्हटले की कड स्पष्ट राहील की विरत जाईल, हे मुलांना लगेच दिसते.

शेवटची शंका आणि निर्वाळा (नौपाडा, ठाणे)

दोघांचेही आभार. पत्रक तपासताना ‘ठस्याचे अंतर’, ‘ठश्याचे अंतर’ आणि ‘ठशाचे अंतर’ अशी तीनही रूपे माझ्या हातून लिहिली गेलेली आढळली. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे ज्या पुल्लिंगी शब्दाच्या शेवटी ‘सा’ असतो, त्याच्या सामान्यरूपात ‘शा’ येतो : घसा, घशाला; ससा, सशाला. त्यामुळे ‘ठशाचे अंतर’, ‘ठशाला कोन द्या’, आणि अनेकवचनी ‘ठसे’, ‘ठशांची फाइल’ ही रूपे मी कायम केली आहेत. मेनूवर दिसणारा ‘ब्रश’ हा शब्द मात्र आहे तसाच ठेवला आहे, म्हणजे मुलांना पडद्यावर तो शोधता येईल.