मदत हवी आहे: लेट पोटेन्शियल की फिल्टरची रिंगिंग?

नमस्कार मंडळी. बर्लिनच्या पीटीबी या ईसीजी-डेटाबेसमधल्या नोंदी (१००० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १००० नमुने) घेऊन हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांमध्ये लेट पोटेन्शियल (ठोक्याच्या शेवटी उशिरा उमटणारे क्षीण विद्युत संकेत) शोधतोय. क्यूआरएसच्या (ईसीजीतल्या ठोक्याच्या उंच, टोकदार भागाच्या) शेपटीतली ही थरथर जेमतेम काही मायक्रोव्होल्टची. म्हणून १०० ठोके आर-पीकवर (क्यूआरएसच्या सर्वांत उंच टोकावर) जुळवून सरासरी काढली. गोंगाट साधारण दहापट उतरला, इथवर झकास. पुढे फक्त ४० ते २५० हर्ट्झ ठेवणारा बटरवर्थ फिल्टर लावला, फिल्टफिल्ट या फंक्शनने दोन्ही दिशांनी (पुढून आणि उलटा). आता निरोगी माणसांच्याही क्यूआरएसनंतर थरथर दिसते! रिंगिंगच (तीव्र क्यूआरएसमुळे फिल्टरनेच उमटवलेली खोटी थरथर) असावी असा संशय. लेट पोटेन्शियल शोधायच्या सिम्सनच्या पद्धतीसारखं फिल्टर लावताना सिग्नलच्या शेवटाकडून उलटं येत क्यूआरएसच्या मध्यावर थांबावं का? की आर-पीकऐवजी क्रॉस-कोरिलेशनने (ठोक्यांचे पूर्ण आकार एकमेकांशी ताडून) जुळवणी आधी सुधारू? पायथॉन कोड हवा असल्यास टाकतो. कुणी हे प्रत्यक्ष केलंय का?