स्टेशनबाहेरची पुलावाची पाकिटं बंद करावीत का?

शहापूरकर: बेळगावात आमच्या गल्लीतलं मंडळ दर गुरुवारी रेल्वे स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना पुलाव वाटतंय. यंदाही त्यासाठीच वर्गणी काढलीय. माझं स्पष्ट मत, हे बंद करा. गुरुवारी आणखी दोन मंडळं येतात, अर्धा भात कुत्र्यांपुढं जातो. मंगळवारी वाटायला चिटपाखरू नसतं. त्याच पैशात दोन-तीन कुटुंबांच्या खोलीचं डिपॉझिट भरा, कागदपत्रं करून द्या. रेशनकार्ड नाही म्हणून कर्नाटक सरकारच्या अन्नभाग्य योजनेचा तांदूळ नाही, बायकांसाठीच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २००० रुपये नाहीत. आणि तांदूळ मिळाला तरी शिजवायचा कुठं, फूटपाथवर?

वडगावची सून: वाचायला बरं वाटतंय ओ. कार्ड व्हायला पत्ता पाहिजे, पत्त्याला खोली पाहिजे, आणि बिनकागदाच्या माणसाला खोली देणारा मालक तुमच्या गल्लीत आहे काय? तोवर स्टेशनबाहेर झोपणाऱ्या म्हातारीनं काय खायचं? गाडगेबाबांनीसुद्धा भुकेल्याला अन्न आधी सांगितलंय, बेघराला आसरा नंतर.

शहापूरकर: पण बाबा अन्नावर थांबले नाहीत की! पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा बांधल्या. आपण पाकीट देऊन फोटो टाकून मोकळे.

टिळकवाडी रिटायर्ड: मुळात हे मंडळाचं कामच नव्हे. राज्याच्या १९७५ च्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यामुळं आपण घरपट्टीसोबत ३ टक्के सेस भरतो. केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानात लाख वस्तीमागं किमान १०० जणांच्या निवाऱ्याची तरतूद होती. २०११ च्या जनगणनेतच शहर पावणेपाच लाखांच्या पुढं होतं, हिशोब तुम्हीच करा. वर्गणी कसली काढताय, नगरसेवकाला धरा.

वडगावची सून: काका, त्या कायद्यात भीक मागणाऱ्याला पकडून निराश्रितांच्या केंद्रात न्यायची सोय आहे. त्याला आसरा म्हणायचं? शिवाय तिथं झोपणारे सगळे भिकारी नव्हेत. दिवसभर बाजारात हमाली करून पाठ टेकायला येणारेही आहेत. त्यांना कुलूप लागेल असा एक ट्रंक ठेवायला जागा मिळाली तरी पुरे, अंगावरचे पैसे झोपेत जातात.

शहापूरकर: हे मात्र पटलं. मंडळाच्या खोलीत लॉकर करता येतील.

खानापूर रोड: खोलीत गणपतीचं सामान आहे, ते कुठं हलवणार?

शहापूरकर: मांडवाचे बांबू गच्चीवर जातील. निदान वाटप मंगळवारी तरी करूया.

वडगावची सून: मंगळवार चालेल, लॉकरही करा. पाकिटं बंद करायचा ठराव आणलात तर मात्र रविवारच्या बैठकीत मी विरोध करणार.