मदत हवी आहे: कोअर ३० वर जाऊ की नॉट्स घेऊ? ओपी_रिटर्नच्या वादात नोडवाल्याने नेमकं काय तपासायचं?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. ओपी_रिटर्नच्या (व्यवहाराला डेटा जोडायची जागा) मर्यादेवरून बिटकॉइन कोअर आणि नॉट्स या दोन नोड-सॉफ्टवेअरवाल्यांत जे जुंपलं आहे, ते दोन्ही बाजूंचं वाचून झालं. तरी माझ्या नोडचं (ब्लॉक आणि व्यवहार स्वतः तपासणारा संगणक) काय करायचं ते ठरत नाही. जाणकारांनी मदत करावी.

सामान: रास्पबेरी पाय ५, ८ जीबी रॅम, २ टीबी एसएसडी, कोअर २८.१, प्रून न केलेला (जुने ब्लॉक्स न पुसलेला) पूर्ण नोड. वॉलेट त्याच नोडवर, २०१६ सालचं वॉलेट.डॅट.

प्रश्न असे:
१. कोअर ३० घेऊन मर्यादा पुन्हा ८३ वर आणली, तर माझा नोड वेगळ्या साखळीवर जाईल का?
२. नॉट्सवर गेलो तर सगळे ब्लॉक्स पुन्हा उतरवावे लागतील का?
३. नॉट्स आणि बीआयपी-११० (नियमबदलाचा प्रस्ताव) एकच का?
४. मुळात असा बदल ठरवतं कोण? इतका विरोध असताना तो कोडमध्ये गेला कसा?

साखळीकर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. नाही, साखळी बदलत नाही.

नोडमध्ये दोन तऱ्हेचे नियम असतात. कन्सेन्ससचे नियम सांगतात कोणता ब्लॉक वैध आणि कोणता बाद. पॉलिसी सांगते की ब्लॉकमध्ये न शिरलेला व्यवहार मी माझ्या मेमपूलमध्ये ठेवीन का आणि पुढे पाठवीन का. ओपी_रिटर्नची मर्यादा ही पॉलिसी आहे, पहिल्यापासून. तुम्ही ८३ ठेवा, ४२ ठेवा नाहीतर शून्य ठेवा, मायनरने (ब्लॉक बनवणाऱ्याने) १० हजार बाइट्सचा ओपी_रिटर्न ब्लॉकमध्ये घातला तर तुमचा नोड तो ब्लॉक मुकाट्याने घेणार. कोअर २८ पण घेतं, नॉट्स पण घेतं.

८३ हा आकडा कुठून आला तेही बघून घ्या. ८० बाइट्स डेटा, १ बाइट ओपी_रिटर्नचा, आणि ७५ पेक्षा मोठा पुश असल्याने त्याच्या लांबीसाठी २ बाइट्स. नॉट्सचा ४२ म्हणजे ४० अधिक १ अधिक १. ही ४० बाइट्सची मर्यादा मूळची कोअरचीच, मार्च २०१४ च्या ०.९ आवृत्तीतली. पुढे ती ८० झाली. ऑक्टोबर २०२५ च्या कोअर ३० ने डीफॉल्ट थेट १,००,००० केला. एका व्यवहाराच्या आकाराची मर्यादा त्याआधीच आडवी येते, म्हणून मर्यादा काढल्यासारखीच आहे. शिवाय एका व्यवहारात एकापेक्षा जास्त ओपी_रिटर्न चालतात, आणि तुम्ही घातलेला आकडा त्या सगळ्यांच्या बेरजेला लागू होतो.

जुनं वागणं हवं असेल तर बिटकॉइन.कॉन्फमध्ये एक ओळ पुरते:

डेटाकॅरिअरसाइज=८३

(इथे देवनागरीत लिहिलं आहे. फाइलमध्ये रोमन लिपीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा न सोडता. आकडेही इंग्रजी.)

मेमपूल_निरीक्षक

साखळीकरांनी पहिला सोडवला, मी चौथा घेते.

ठरवणारी समिती नाही आणि मतदानही नाही. कोडमधला बदल गिटहबवर पुल रिक्वेस्ट म्हणून येतो. तपासणारे ‘अॅक’ (मान्य) किंवा ‘नॅक’ (अमान्य) देतात, सोबत कारण देणं अपेक्षित असतं. नुसते अंगठे मोजत नाहीत. मेंटेनर आक्षेपांना उत्तर मिळालं की नाही ते बघून विलीन करतात. इथे दोन पुल रिक्वेस्ट होत्या, त्यांची गल्लत करू नका. #३२३५९ पीटर टॉडची, तिच्यात सेटिंगच काढून टाकायचं होतं, ती बंद झाली. #३२४०६ ग्रेगरी सँडर्सची, तिच्यात डीफॉल्ट वाढवला पण सेटिंग राहिलं. ती जून २०२५ मध्ये विलीन झाली. ‘कोअरने पर्यायच काढून घेतला’ असं लिहिणारे पहिलीबद्दल बोलत असतात.

बदल करणाऱ्यांची कारणं तांत्रिक आहेत, ती नीट समजून घ्यावीत असं मला मनापासून वाटतं.

एक. ओपी_रिटर्नचं आउटपुट कधीच खर्च होऊ शकत नाही हे नोडला बघताक्षणी कळतं, म्हणून ते यूटीएक्सओ संचात (अजून खर्च न झालेल्या आउटपुटांच्या यादीत) जातच नाही. मर्यादा आड आली की लोक तोच डेटा खोट्या पब्लिक कीच्या रूपात साध्या आउटपुटांत कोंबतात. ती आउटपुटं खर्च होणार नाहीत हे नोडला कळायला मार्ग नाही. मग ती प्रत्येक नोडच्या यूटीएक्सओ संचात कायमची बसतात, प्रून केलेल्या नोडच्यासुद्धा.

दोन. कॉम्पॅक्ट ब्लॉक. बीआयपी-१५२ प्रमाणे नवा ब्लॉक येतो तेव्हा पूर्ण व्यवहार येत नाहीत, प्रत्येकाची ६ बाइट्सची खूण येते. नोड आपल्या मेमपूलमधून व्यवहार काढून ब्लॉक जुळवतो. तुम्ही जे व्यवहार गाळले ते तुमच्याकडे नसतात, ते शेजारी नोडकडून मागवावे लागतात. एक फेरी वाढते. लॉगमध्ये सीएमपीसीटीब्लॉक हा वर्ग सुरू केला तर प्रत्येक ब्लॉकमागे ‘किती मेमपूलमधून मिळाले, किती मागवले’ अशी ओळ दिसते. घरच्या नोडला या उशिराचा तोटा नाही. पण बरेच नोड अडखळले तर ब्लॉक हळू पसरतो आणि त्याचा फायदा मोठ्या मायनिंग पूलला होतो.

तीन. गाळणी किती अडवते, याचा हिशेब. नोड साधारण ८ बाहेरचे दुवे व्यवहारांसाठी धरतो (आणखी २ फक्त ब्लॉकसाठी असतात). समजा १०० पैकी ८० नोड गाळतात. आठही शेजारी गाळणारेच निघण्याची शक्यता ०.८ चा आठवा घात, म्हणजे साधारण १७ टक्के. उरलेल्या ८३ टक्के वेळा व्यवहाराला निदान एक वाट मिळते. आणि मोठे व्यवहार थेट मायनरकडे द्यायची सोय आहेच, तिथे मेमपूलचा संबंधच नाही.

गाळणीवाला

वरची मांडणी बरोबर आहे, पण अर्धी आहे. नॉट्सवाल्यांचं म्हणणं इथे कोणी नीट मांडत नाही, म्हणून लिहितो.

वाद २०२५ मध्ये सुरू झाला नाही. जानेवारी २०२३ मध्ये ऑर्डिनल्स आलं आणि विटनेसमध्ये (व्यवहारातला सह्यांचा भाग) चित्रं भरायला सुरुवात झाली. डेटाकॅरिअरची मर्यादा त्याला लागूच होत नव्हती. नॉट्सचे ल्यूक डॅशजर यांनी ती लागू करायची पुल रिक्वेस्ट #२८४०८ दिली, ती जानेवारी २०२४ मध्ये वादग्रस्त म्हणून बंद झाली. म्हणजे गाळणी घट्ट करायला नकार देताना ‘सहमती नाही’ हे कारण चाललं, आणि सैल करताना तितकाच विरोध असून विलीन झालं. लोकांचा राग या दुजाभावावर आहे. तांत्रिक मुद्द्यांनी त्याचं उत्तर मिळत नाही.

दुसरं, डीफॉल्टला वजन असतं. बहुतेक लोक सेटिंगला हात लावत नाहीत. डीफॉल्ट बदलणं म्हणजे ‘हा वापर आम्हाला चालतो’ असं सांगणं.

मात्र आपल्या बाजूच्यांनाही एक सांगतो. ओपी_रिटर्न उघडल्याने चित्रांचा पूर येईल हे गणितात बसत नाही. ४,००० बाइट्सचं चित्र ओपी_रिटर्नमध्ये १६,००० वेट युनिट, म्हणजे ४,००० व्हीबाइट (शुल्क ज्यावर लागतं ते माप). तेच विटनेसमध्ये ४,००० वेट युनिट, म्हणजे १,००० व्हीबाइट. व्हीबाइटला २ सॅट (बिटकॉइनचं सर्वात लहान एकक) असा दर असेल तर ८,००० विरुद्ध साधारण २,००० सॅट. चौपट पैसे कोण मोजेल? ओपी_रिटर्न स्वस्त पडतो तो साधारण १४३ बाइट्सच्या आतच.

नॉट्स घेणार असाल तर जोखीमही ध्यानात घ्या. देखभाल मुख्यतः एकाच माणसाच्या हातात आहे, कोअरइतके डोळे त्या कोडवर नाहीत.

मेमपूल_निरीक्षक

#२८४०८ चा मुद्दा मान्य. प्रक्रियेबद्दलचा आक्षेप तिथे खरा आहे.

साखळीकर

आता तिसरा प्रश्न, आणि इथे मात्र सावध राहा. साधं नॉट्स म्हणजे पॉलिसी. बीआयपी-११० म्हणजे कन्सेन्सस. दोन्ही एकाच गटातून येतात म्हणून लोक एकच समजतात.

बीआयपी-११० हा तात्पुरता सॉफ्ट फोर्क (नियम आणखी कडक करणारा बदल) आहे, साधारण एका वर्षासाठी. त्या काळात ८३ बाइट्सपेक्षा मोठा ओपी_रिटर्न, ३४ बाइट्सपेक्षा मोठी इतर आउटपुट स्क्रिप्ट, २५६ बाइट्सपेक्षा मोठा डेटा-पुश असलेला ब्लॉकच बाद. मायनरांच्या सिग्नलचा (ब्लॉकमध्ये ‘तयार आहे’ अशी खूण) उंबरठा ५५ टक्के, म्हणजे २,०१६ पैकी १,१०९ ब्लॉक्स. आधीच्या सॉफ्ट फोर्कांशी ताडून बघा: सेगविटला ९५ टक्के होता, टॅपरूटला ९० टक्के (१,८१५ ब्लॉक्स). वर सक्तीच्या सिग्नलचा टप्पा आहे. त्या टप्प्यात सिग्नल न देणारे ब्लॉक्स हे नोड नाकारतात. त्याची ब्लॉक-उंची बीआयपीच्या मजकुरात आहे, लिहून ठेवा.

मायनरांनी साथ दिली नाही तर काय होईल? समजा १० टक्के हॅशरेट (मायनिंगची ताकद) त्या बाजूला गेला. ब्लॉक १० ऐवजी १०० मिनिटांनी येणार. डिफिकल्टी (ब्लॉक बनवण्याची काठिण्यपातळी) २,०१६ ब्लॉक्सनंतरच बदलते, म्हणजे २,०१,६०० मिनिटं, सरळ १४० दिवस. तोवर तुमचा नोड जवळपास रिकाम्या रस्त्यावर उभा. उलट बाजूची जोखीमही आहे: कडक नियमांच्या साखळीवर कधी मायनिंगचं काम जास्त साठलं, तर जुने नोड तिच्याकडे वळतात आणि दुसऱ्या साखळीवरचे तेवढ्या काळातले व्यवहार पुसले जातात.

हेच २०१७ मध्ये बीआयपी-१४८ च्या (सेगविटसाठी नोडवाल्यांनी लावलेली सिग्नलची सक्ती) वेळी होतं. १ ऑगस्ट ही तारीख ठरली होती. त्याआधीच बीआयपी-९१ (मायनरांकडूनच सेगविट लागू करायचा मार्ग) आलं, ३३६ पैकी २६९ ब्लॉक्सचा उंबरठा, आणि ते २१ जुलैला लॉक झालं. त्यामुळे फूट टळली, सेगविट २४ ऑगस्टला ब्लॉक ४,८१,८२४ वर लागू झालं. मोठ्या ब्लॉकवाले १ ऑगस्टलाच बिटकॉइन कॅश घेऊन वेगळे झाले, आणि सेगविट२एक्स (सेगविटनंतर ब्लॉक मोठा करायची योजना) ८ नोव्हेंबरला मागे घेतलं गेलं. नोडवाल्यांनी मायनरांना नमवलं की मायनरांनी शहाणपणा केला, यावर आजही एकमत नाही. माझ्या मते तेव्हा जमलं कारण एक्स्चेंज, वॉलेट कंपन्या आणि बहुतेक डेव्हलपरांना सेगविट हवंच होतं. नोडची संख्या मोजून तो अंदाज बांधता येत नाही, कारण एक माणूस शंभर नोड उभे करू शकतो. ज्याच्या नोडवर कोणी पैसे घेतं, त्याच्या ‘नाही’ला किंमत असते.

धक्का_नको

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. ब्लॉक्स पुन्हा उतरवायची गरज नाही, डेटा फोल्डर तोच चालतो. फक्त क्रम पाळा.

१. वॉलेट आधी. गेटवॉलेटइन्फो चालवा. ‘फॉरमॅट’समोर बीडीबी दिसलं तर जुनं वॉलेट आहे, आणि २०१६ चं म्हणजे तेच असणार. कोअर ३० ते उघडत नाही, मायग्रेट करावं लागतं. बॅकअपवॉलेटने प्रत काढा आणि ती पायच्या बाहेर, दुसऱ्या डिस्कवर ठेवा. ही पायरी गाळू नका: ३०.० आणि ३०.१ मध्ये मायग्रेशन फसलं तर काही परिस्थितीत वॉलेट फोल्डरमधल्या फायली पुसल्या जाण्याचा दोष होता. ३०.२ मध्ये तो दुरुस्त झाला. कोअर घेणार असाल तर ३०.२ किंवा पुढचंच घ्या.

२. बायनरी (उतरवलेली प्रोग्रामची फाइल) तपासा. एसएचए२५६सम्सची यादी आणि तिची सही दोन्ही उतरवा. आधी जीपीजीने सही, मग हॅश. ‘गुड सिग्नेचर’ एकापेक्षा जास्त जणांची दिसली पाहिजे. ‘की विश्वासू म्हणून प्रमाणित नाही’ हा इशारा येतो, त्याने घाबरू नका. ‘बॅड’ दिसलं तर तिथेच थांबा.

३. स्टॉप दिला की लगेच वीज काढू नका. डीबग.लॉगमध्ये ‘शटडाउन: डन’ ही ओळ येईपर्यंत थांबा, पायवर कॅशे मोठा असेल तर काही मिनिटं जातात. मध्येच प्लग ओढला तर चेनस्टेट (यूटीएक्सओ संचाची डिस्कवरची प्रत) बिघडू शकतो, आणि मग रीइंडेक्स-चेनस्टेटने तो पुन्हा बांधण्यात बराच वेळ जातो.

४. परत फिरायचं असेल तर: कोअर २८ पासून नवीन डेटा फोल्डरमधल्या ब्लॉक फायली एक्सऑर करून (बाइट्स ठरावीक किल्लीने बदलून) लिहिल्या जातात. असा फोल्डर २८ च्या आधीच्या आवृत्तीला वाचता येत नाही.

५. सुरू झाल्यावर गेटनेटवर्कइन्फोमध्ये सबव्हर्जन बघा, नॉट्स असेल तर सातोशीच्या पुढे नॉट्स आणि तारीख दिसते. मग गेटडिप्लॉयमेंटइन्फो. टॅपरूटच्या पुढे एखादं अनोळखी नाव दिसलं, तर तुम्ही नकळत कन्सेन्सस बदलणारी आवृत्ती बसवली आहे.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. वॉलेट बीडीबीच निघालं, प्रत काढून २८.१ वरच मायग्रेट केलं. मग ३०.२ टाकलं, डेटाकॅरिअरसाइज ८३ केलं. पण मेमपूलमध्ये मोठे ओपी_रिटर्न तरी दिसतात. कॉन्फच्या तळाशी ओळ घातली आहे, नोड दोनदा बंद-चालू केला.

धक्का_नको

कॉन्फच्या तळाशी चौकटी कंसात टेस्ट किंवा सिग्नेट (ही चाचणीची नेटवर्क) असा मथळा आहे का बघा. त्या मथळ्याखालचं सगळं फक्त त्या नेटवर्कला लागू होतं. ओळ फाइलच्या अगदी वर न्या. नोड सुरू करताना डीबग.लॉगमध्ये ‘कॉन्फिग फाइल आर्ग’ने सुरू होणाऱ्या ओळी येतात, तिथे तुमचा आकडा दिसला म्हणजे सेटिंग पोहोचलं.

कृष्णाकाठ

सिग्नेटचा मथळा होता, जुन्या प्रयोगातला. ओळ वर नेली, लॉगमध्ये ८३ दिसतंय. गेटडिप्लॉयमेंटइन्फोत टॅपरूटपलीकडे काही नाही.

साखळीकर

उत्तम. आता सीएमपीसीटीब्लॉकचा लॉग दोन दिवस सुरू ठेवा. ‘मागवले’चा आकडा सतत मोठा येत असेल तर ब्लॉकरीकन्स्ट्रक्शनएक्स्ट्राटीएक्सएन डीफॉल्ट १०० वरून १,००० करा. गाळलेले व्यवहार त्या जादा खणात राहतात आणि ब्लॉक जुळवताना कामी येतात. आणि बीआयपी-११० च्या सक्तीच्या टप्प्याच्या आसपास मोठी रक्कम घ्यायची असेल तर गेटचेनटिप्स बघून घ्या. सध्याच्या टोकाजवळच्या उंचीला दुसरी फांदी लांबत चाललेली दिसली, तर सहा कन्फर्मेशनवर (व्यवहार धरून सहा ब्लॉक होण्यावर) विसंबू नका.