मदत हवी आहे: आईचं ‘बिघडणं’ नेमकं उपाशीपोटीच कसं?

नमस्कार मंडळी. गाव घाटंजी तालुक्यातलं, मी नोकरीला पुण्यात. आई ५४ वर्षांची. दीड वर्षापासून पहाटे उठते ती कधीकधी वेगळीच बाई असते. घामानं लुगडं ओलं, हात थरथरतात, बाबांनाच "तू कोन बे?" म्हणते. दिवाळीनंतर बिनभाकरीची वेचणीला गेली, तर धुऱ्यावर बसून वेचलेला कापूस परत बोंडांत कोंबत होती.

गावात अर्थातच ‘बाहेरचं’ निघालं. भगतानं अंगारा गुळाच्या पाण्यात कालवून पाजला आन् पंधरा मिनिटांत आई चांगली! "मले काय झालं होतं?" म्हणून तीच विचारते. भगताचा भाव वधारला. मग मानसोपचाराच्या गोळ्या सुरू केल्या, वर्ष झालं. झोप वाढली, बाकी जैसे थे. चतुर्थी-एकादशीला तर हमखास होतं. सारखी भूक लागते, वजनही बरंच वाढलंय.

मागच्या आठवड्यात ती तशीच बरळत असताना आशाताईंनी बोट टोचून शुगर पाहिली: ३८. गोडमिट्ट चहा पाजला, माणसांत आली. म्हणजे गुण अंगाऱ्याचा नव्हता, गुळाचा होता!

नेटवर ‘इन्सुलिनोमा’ वाचलं. स्वादुपिंडातली बारकी गाठ, नको तेव्हा इन्सुलिन सोडते. हे कॅन्सर असतं का? मानसोपचाराच्या गोळ्या बंद करू का? न्यायचं कुठं?

प्रतिसाद, वऱ्हाडी डॉक्टर:
गोळ्या मनानं बंद करू नका, मानसोपचार डॉक्टरांना हा ३८ चा आकडा दाखवा. मेंदू साखरेवर चालतो. ती घसरली की माणूस वेड्यासारखा, दारू प्यायल्यासारखा वागतो. पण घरच्या मशीनवर निदान होत नाही. त्रास चालू असतानाच शिरेतलं रक्त घेऊन साखर, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत सुटणारा तुकडा) तपासतात. साखर ५५ च्या खाली असूनही इन्सुलिन वाहतंच असेल, तर शंका पक्की. त्यासाठी दवाखान्यात भरती करून जास्तीत जास्त ७२ तास उपाशी ठेवतात. घरी हा प्रयोग चुकूनही नको, आईचे उपास आजच बंद. गाठ असलीच तर दहातल्या नऊ साध्या असतात आणि ऑपरेशननं बहुधा कायमचं सुटतं. नागपूरचं मेडिकल (सरकारी मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल) किंवा एम्स गाठा, हार्मोनच्या डॉक्टरांना विचारा.

एक सांगा, घरात कुणाला शुगरच्या गोळ्या आहेत? त्यातल्या काही चुकून घेतल्या तर चित्र हुबेहूब असंच दिसतं, सी-पेप्टाइडसुद्धा. रक्तात त्या गोळ्या आहेत का, ही तपासणी वेगळी सांगावी लागते.

धागाकर्ता:
बाप रे. बाबांना आहे शुगर. दोघांच्या गोळ्या एकाच बिस्किटाच्या डब्यात, आणि आईला वाचता येत नाही. आत्ताच फोन करून डबे वेगळे करायला लावले. रिकाम्या पट्ट्याही जपून ठेवायला सांगितल्या. सोमवारी तिला नागपूरला नेतो. एसटी पहाटे ५ ची आहे, तेव्हा निघण्याआधी भाकर आणि पिशवीत गूळ.