महागडा अ‍ॅम्प्लिफायर खरंच जास्त चांगला वाजतो का?

षड्ज_पंचम

माझा पुतण्या घरी स्टीरिओ जमवतोय. स्पीकर साठ हजारांचे घेऊन झाले. आता दुकानदाराने त्याच्या डोक्यात भरवलंय की त्या स्पीकरना न्याय द्यायचा तर दोन लाखांचा अ‍ॅम्प्लिफायर हवा. मी त्याला सांगितलं, घेऊ नकोस, तो पैसा आवाजात उतरणार नाही. इथे बरीच जाणकार मंडळी आहेत म्हणून सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं असं: ट्रान्झिस्टरचा किंवा क्लास-डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करून काम करणारा, कमी तापणारा) अ‍ॅम्प नीट बांधलेला असेल, स्पीकरला पुरेल एवढी ताकद त्यात असेल आणि तो क्लिप होत नसेल, म्हणजे ताकद संपून लहरींची टोकं कापली जात नसतील, तर त्याची किंमत कानाला कळत नाही. आलेला सिग्नल न बिघडवता मोठा करायचा, एवढंच अ‍ॅम्पचं काम. ते इलेक्ट्रॉनिक्सला कधीच साधलंय. १९७८ च्या सुमाराचा नॅड ३०२० घ्या. चॅनेलला २० वॅट, किंमत अगदी आवाक्यातली, आणि तरी जाणकार त्याचं नाव आजही आदराने घेतात.

'स्टीरिओ रिव्ह्यू' या अमेरिकन मासिकाने जानेवारी १९८७ च्या अंकात हाच प्रश्न घेतला होता. सुमारे २२० डॉलरच्या पायोनियर रिसीव्हरपासून १२,००० डॉलरच्या फटरमन ट्यूब मोनोब्लॉकपर्यंतचे (जुन्या काचेच्या नळ्यांवर चालणारे, दर चॅनेलला वेगळा डबा असलेले) अ‍ॅम्प त्यांनी आडपडद्याने ऐकवले. श्रोत्यांत फरक मानणारे होते आणि न मानणारेही. उत्तरं नाणेफेकीच्या पुढे गेली नाहीत. कार ऑडिओतल्या रिचर्ड क्लार्कने तर १०,००० डॉलरचं बक्षीसच लावलं होतं. आवाजाची पातळी जुळवलेले दोन अ‍ॅम्प न बघता ओळखा, १२ पैकी १२, आणि तेही दोनदा. वर्षानुवर्षं लोक येऊन बसले, बक्षीस कुणालाही मिळालं नाही.

दुकानात फरक ऐकू येतो, हे मला मान्य आहे. पण तिथे दोन अ‍ॅम्पची पातळी जुळवतं कोण? अर्धा डेसिबल जास्त असेल तर ते 'मोठा आवाज' म्हणून जाणवत नाही. 'मोकळा', 'जिवंत' असं वाटतं. घरी जुळवायचं तर १०० हर्ट्झच्या आसपासचा स्थिर सूर लावा (साधे मीटर वरच्या सुरांना चुकीचा आकडा दाखवतात), मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि त्याची टोकं स्पीकरच्या टर्मिनलला लावा. एका अ‍ॅम्पवर २ व्होल्ट आले तर दुसऱ्यावर २.०२ च्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे फरक ०.१ डेसिबलच्या आत राहतो. हे न करता केलेली तुलना मी तुलना मानत नाही.

ठाणेकर_श्रोता

साफ असहमत.

खटके दाबून तुकडे ऐकणं म्हणजे संगीत ऐकणं नव्हे. विलंबित ख्याल चाळीस मिनिटांचा असतो. चांगल्या अ‍ॅम्पवर तो संपल्यावर दुसरा लावावासा वाटतो, वाईट अ‍ॅम्पवर वीस मिनिटांत कान थकतात आणि आपण नकळत आवाज कमी करतो. हा थकवा तुमच्या चाचणीत कुठल्या रकान्यात नोंदवणार? शिवाय परीक्षेला बसलेला माणूस ताणाखाली ऐकतो. गाणं ऐकायला मन मोकळं लागतं. मी वर्षानुवर्षं रोज रात्री ऐकतो, आणि माझ्याकडच्या दोन अ‍ॅम्पमध्ये तानपुऱ्याची जवार वेगळी ऐकू येते. एकात तारा सुट्या लागतात, दुसऱ्यात त्यांचा एकच पट्टा होतो.

षड्ज_पंचम

@ठाणेकर_श्रोता, चाचणी झटपटच करावी असा नियम कुठेच नाही. दोन्ही अ‍ॅम्प कापडाने झाका, कोणता जोडलाय ते फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाला माहीत असू दे, आणि महिनाभर रोज रात्री निवांत ऐका. थकवा आला तर वहीत लिहा. किंमत आणि नाव दिसत नसतानाही तोच अ‍ॅम्प थकवतोय असं निघालं, तर तुमचं म्हणणं मी मान्य करेन.

तापकीर_गल्ली

अ‍ॅम्प दुरुस्तीचं काम करतो, म्हणून लिहितो. षड्ज_पंचम यांच्या अख्ख्या लेखाचा भार 'नीट बांधलेला' आणि 'पुरेल एवढी ताकद' या शब्दांवर आहे. गिऱ्हाईक फसतं ते नेमकं तिथेच.

ऑनलाइन मिळणारे छोटे क्लास-डी डबे बघा. वर छापलेलं असतं '१०० + १०० वॅट'. सोबत अडॅप्टर येतो २४ व्होल्ट, ३ अँपिअरचा. गुणाकार करा, ७२ वॅट. भिंतीतून ७२ वॅट येत असताना स्पीकरला सतत २०० कुठून मिळणार? डबा उघडला की आत बहुतेकदा टीपीए३११६ चिप निघते. बनवणाऱ्या कंपनीचा कागदच सांगतो: २१ व्होल्टवर, ४ ओहमला (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा; तो जितका कमी, तितका अ‍ॅम्पवर भार जास्त), चॅनेलमागे ५० वॅट, आणि तेही १० टक्के विकृती धरून. स्वच्छ आवाज त्याच्या बराच आधी संपतो.

दुसरं, स्पीकरवर '८ ओहम' लिहिलेलं असतं ते सरासरीचं बोलणं आहे. काही स्वरांवर तोच स्पीकर ३ ओहमपर्यंत खाली येतो. अपोजी सिंटिला नावाचे स्पीकर होते, ते १ ओहमवर चालवता येत. साध्या अ‍ॅम्पचा तिथे निभाव लागत नाही, एकतर प्रोटेक्शन पडतं, म्हणजे अ‍ॅम्प स्वतःला वाचवायला बंद होतो, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जातात. अशा जागी मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा) ट्रान्सफॉर्मर आणि उष्णता बाहेर टाकणारे जाडजूड हीटसिंक लागतात, आणि अ‍ॅल्युमिनियम-तांबं स्वस्त नाही.

तिसरी गोष्ट, उष्णता. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं (वीज साठवणाऱ्या डबीसारख्या भागाचं) तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्या उन्हाळ्यात, बंद शोकेसमध्ये कोंबलेल्या स्वस्त अ‍ॅम्पमधले कपॅसिटर फुगलेले मी नेहमी बघतो. पहिल्या वर्षी दोन्ही अ‍ॅम्प सारखे वाजतील, पण दहाव्या वर्षी वाजतील का हेही विचारा.

पण हेही सांगतो, एका पातळीनंतर जास्तीचा पैसा पुढच्या जाड पॅनेलला आणि नावाला जातो. ४७ लॅबोरेटरीचा गेनकार्ड हा जपानी अ‍ॅम्प हजार डॉलरांच्या वर विकला जायचा आणि आत एलएम३८७५ ही बाजारात सहज मिळणारी चिप होती. लोकांनी त्याचीच नक्कल घरी बनवली, त्या बनावटीला गेनक्लोन हे नावच पडलं.

ट्यूबप्रेमी

"सगळे अ‍ॅम्प सारखेच" म्हणणाऱ्यांनी ३००बी ट्यूबचा सिंगल-एंडेड (एकाच ट्यूबने पूर्ण लहर वाढवणारा) अ‍ॅम्प एकदा ऐकावा. जेमतेम ८ वॅट, विकृती मोजायला साधं उपकरणही पुरतं, आणि गळा असा समोर उभा राहतो की बोलायची सोय नाही. हा भास नाही, याला कारण आहे. फीडबॅक (आउटपुटचा अंश परत आत देऊन चूक सुधारणं) नसल्यामुळे आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा अडथळा, दोन-तीन ओहम असतो. मग स्पीकरचा इम्पिडन्स जिथे चढतो तिथला आवाजही थोडा वर येतो. स्पीकरचा स्वभावच बदलतो म्हणा ना. वर समसंख्य हार्मोनिक (मूळ सुराच्या दुप्पट, चौपट असे वरचे सूर) मिसळतात. हे मला हवं आहे आणि त्यासाठी मी पैसे मोजतो.

षड्ज_पंचम

@ट्यूबप्रेमी, फरक आहेच, म्हणून तर मी सुरुवातीलाच ट्रान्झिस्टर आणि क्लास-डी असं लिहिलं. तुम्हाला तो रंग आवडतो, खुशाल घ्या. पण तो रंग महागच असतो हे पटत नाही. १९८५ मध्ये अ‍ॅम्प बनवणाऱ्या बॉब कार्व्हरने 'स्टीरिओफाइल' मासिकाला आव्हान दिलं होतं: तुमच्या पसंतीचा महागडा अ‍ॅम्प निवडा, मी माझा स्वस्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प हुबेहूब तसा वाजवून दाखवतो. हॉटेलच्या खोलीत बसून त्याने दोघांच्या आउटपुटची वजाबाकी केली आणि जवळपास काही उरेना इतकं जुळवत आणलं. मासिकाच्या कानसेनांना मग फरक सांगता आला नाही. तुम्ही म्हणता तो आउटपुट इम्पिडन्स त्या जुळवणीत मोठा वाटा उचलत होता, आणि तो वाढवायला लागणारा रेझिस्टर काही महाग वस्तू नाही.

@तापकीर_गल्ली, तुमचा अडॅप्टरचा हिशोब पुतण्याला पाठवलाय. छापील वॅटवर विश्वास ठेवू नये, याबाबत शंभर टक्के सहमत. पण नामांकित कंपनीचा, खरे ५० वॅट देणारा अ‍ॅम्प तीस-चाळीस हजारांत मिळत असेल, तर दोन लाखांचा कशासाठी?

मिरजेची_लेक

तुम्ही सगळे डब्यांवर भांडताय, खोलीचं कुणीच बोलत नाही.

आपल्या फ्लॅटमधली १० बाय १२ ची खोली, खाली गुळगुळीत टाइल्स, भिंती उघड्या, एका बाजूला काच. १२ फुटांच्या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर फुगतो, १० फुटांच्या अंतरात ५६ च्या आसपासचा. डग्ग्याची घिस्स नेमकी तिथून वर सरकते. सोफ्यावर टेकून बसलात तर गदगद, दोन फूट पुढे आलात तर डग्गाच गायब. हा फरक दहा-दहा डेसिबलचा असतो आणि तुम्ही ०.१ डेसिबलसाठी मीटर लावताय. जाड गादी, भिंतीला पुस्तकांचं कपाट, काचेवर दुहेरी पडदा, आणि स्पीकर कोपऱ्यातून बाहेर. आमच्याकडे हे केल्यावर ठाणेकर म्हणतात तशा तानपुऱ्याच्या तारा सुट्या ऐकू येऊ लागल्या. अ‍ॅम्प तोच आहे.

ठाणेकर_श्रोता

खोलीचं पटलं. पण माझी खोली एकच आहे आणि तिच्यातच दोन अ‍ॅम्प वेगळे वाजतात, म्हणून मत बदलत नाही.

षड्ज_पंचम, महिनाभराची ती चाचणी करायला मी तयार आहे. माझ्या अटी: स्पीकर माझे, रेकॉर्डिंग माझी, आणि अ‍ॅम्प कधी बदलायचा ते मी सांगणार. कोणता जोडलाय ते बायकोला माहीत असेल. तिला दोन्ही सारखेच वाटतात, त्यामुळे ती कुणाची बाजू घेणार नाही.

षड्ज_पंचम

अटी मान्य. फक्त दर बदलाला कोणता जोडायचा हे वहिनींनी नाणं उडवून ठरवावं, आणि दोन्ही अ‍ॅम्प कायम चालू ठेवावेत, म्हणजे गरम कोणता हे हात लावून कळणार नाही. पातळी जुळवायला या शनिवारी मीटर घेऊन येतो.