मदत हवी आहे: फ्लोट कठड्यावर आपटला, आता क्षारता कमी दाखवतोय. सेन्सर गेला का?

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्सवाली, समुद्रशास्त्राचा गंध नाही. नोव्हेंबरात पहिल्यांदाच संशोधन जहाजावर गेले आणि बंगालच्या उपसागरात, १८ उत्तर अक्षांशाजवळ, आर्गो फ्लोट (आपोआप खाली-वर करत पाण्याचं तापमान आणि क्षारता मोजणारं तरंगतं यंत्र) सोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जहाज अगदी मंद केलं होतं. फ्लोटच्या चकतीच्या भोकात दोरी ओवून मी आणि बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) मागच्या डेकवरून तो हळूहळू खाली सोडत होतो. वीसेक किलोचं धूड ते. तेवढ्यात लाट आली आणि वरचं टोक कठड्याला टण्णकन लागलं. नेमकं सेन्सरचंच टोक! बोसन म्हणाला, "कुछ नहीं होता मॅडम." मी दोरी ओढून घेतली, फ्लोट उभा तरंगत मागे पडला.

आता दोन प्रोफाइल (खोलीनुसार घेतलेले आकडे) आल्यात. वरच्या ३० मीटरला क्षारता ३१.६, आणि १०० मीटरला एकदम ३४.८. वर तापमानही उलटं: पृष्ठभागापेक्षा ५० मीटरवरचं पाणी जास्त गरम! मी मालवणची. आमच्याकडच्या समुद्राचे आकडे पाहिलेत ते ३५-३६चे. माझ्यामुळे फ्लोट वाया गेला का? झोप उडालीय.

दर्यावर्दी: आधी सांग, सेन्सरची तिन्ही बुचं काढली होतीस ना?

धागाकर्ती: हो. माझ्या जॅकेटच्या खिशातच आहेत अजून.

दर्यावर्दी: मग निम्मी काळजी गेली. ती राहिली असती तर आकडे भलतेच आले असते. उपसागरात गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती पाणी ओततात, त्यात पावसाळ्याचं पाणी. नोव्हेंबरात वर ३१-३२ म्हणजे नेहमीचंच. हे गोडसर पाणी इतकं हलकं की हिवाळ्यात गार झालं तरी बुडत नाही, खालचं गरम पाणी झाकून बसतं. अरबी समुद्राच्या हिशेबाने बघू नकोस. आता २००० मीटरचा आकडा सांग.

धागाकर्ती: ३४.७८.

खारीभाजी: मग सेन्सर ठीक दिसतोय. तिथलं पाणी वर्षानुवर्षं फारसं बदलत नाही, म्हणून तपासायचं ते तिथेच. धक्क्याने क्षारता मोजणारा सेल बिघडला असता तर खालचा आकडाही सरकला असता. जवळच्या दुसऱ्या फ्लोटची प्रोफाइल काढून त्यावर ठेवून बघ. क्यूसी फ्लॅगही (आकड्यांच्या दर्जाचे शेरे) बघ: १ म्हणजे चांगलं, ४ म्हणजे टाकाऊ. पण दोन प्रोफाइलवर निकाल लावू नकोस. हा दहा दिवसांनी एकदा वर येतो, चार-पाच जमू देत. हळूहळू सरकणारी चूक लगेच कळत नाही.

धागाकर्ती: शेजारचा फ्लोट मिळाला, खाली ३४.७७! फ्लॅगही सगळे १. जिवात जीव आला.

दर्यावर्दी: आपटल्याचं लॉगमध्ये लिहिलंस का?

धागाकर्ती: ...नाही. लाज वाटली.

दर्यावर्दी: लिही बाई. वर्षभराने डिलेड मोडमध्ये, म्हणजे नंतरच्या बारकाईच्या तपासणीत, कोणीतरी हाच डेटा तपासायला घेईल. तेव्हा क्षारता सरकलेली दिसली तर कारण कुठे शोधणार तो?

धागाकर्ती: आजच मेल करते. बुचांचं काय करू?

खारीभाजी: ठेव. पहिल्या फ्लोटची आहेत.